वाचकांचे प्रश्न : थ्रेड वाढले, पण बेरीज चुकते

प्रश्न : छायाचित्रातील प्रत्येक करड्या छटेचे पिक्सेल मोजणारा माझा सी भाषेतील प्रोग्राम ८ थ्रेडमध्ये (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांमध्ये) विभागल्यापासून दर वेळी वेगळीच संख्या देतो आणि लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आकडा बदलू देणारे कुलूप) लावल्यास फारच मंदावतो. काय करावे?

उत्तर : गणक एकने वाढवताना प्रोसेसर जुना आकडा वाचतो, त्यात एक मिळवतो आणि तो परत लिहितो, तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडनेही तोच जुना आकडा वाचला, तर एक नोंद हरवते. येथे ‘रिडक्शन’ हा पॅटर्न वापरावा, म्हणजे प्रत्येक थ्रेडला २५६ खणांचा (दर छटेला एक खण) स्वतंत्र तक्ता देऊन, सर्वांचे काम संपल्यावर त्या तक्त्यांची खणागणिक बेरीज करावी. लाखो पिक्सेलांच्या मोजणीपुढे या सुमारे २,००० बेरजा नगण्य आहेत आणि मोजताना लॉक लागतच नाही. ओपनएमपी या समांतर प्रोग्रामिंगच्या मानकात आवृत्ती ४.५ पासून तक्त्यांच्या रिडक्शनची सोय तयारच मिळते. तीच वापरणे मला अधिक सुरक्षित वाटते.