सूर्यनमस्कार लक्षात राहत नाहीत

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी सूर्यनमस्कारात पाय मागे नेताना गोंधळते. काल जमलेलं आज विसरते. काय करावं?

उत्तर : समोर उभं राहून शिकवत असाल तर ते आधी थांबवा. तिला डावं-उजवं उलटं दिसतं. शेजारी, त्याच दिशेला तोंड करून उभे राहा. तिच्या उजव्या घोट्याला लाल दोरा बांधा. सध्या आधी मागे जाणारा पाय उजवाच ठेवा. बाराही स्थिती एकदम नकोत. शेवटच्या दोन पक्क्या करा, मग त्यांच्या आधीची एक जोडा, म्हणजे दर वेळी ती ओळखीच्या भागात येऊन थांबते. 'उजवा मागे, डावा मागे' हे तिनंच मोठ्यानं म्हणावं. रोज दहा मिनिटं पुरेत. बटणं, बुटाची नाडी, अक्षर यांतही अडत असेल तर तो आळस नव्हे, कृपया रागावू नका. ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे रोजच्या हालचाली आणि कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा.