नाल सापडली म्हणून घोडा घ्यायचा का?

जालन्याच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ४६. बियाणं प्रक्रिया करणाऱ्या यंत्रांच्या निर्यात विभागात १४ वर्षं नोकरी केली, मे महिन्यात राजीनामा दिला आणि आता त्याच क्षेत्रात स्वतःची सल्लागारी सुरू केली आहे. कंपनीच्या पैशानं नैरोबी, ढाका, दुबई असा प्रवास झाल्यामुळे एअर इंडियाच्या महाराजा क्लबचं, म्हणजे सतत उडणाऱ्यांसाठीच्या योजनेचं, गोल्ड कार्ड हातात आहे. ते ३१ मार्चला संपेल. दरम्यान आखातातल्या एका विमान कंपनीची 'स्टेटस मॅच' योजना त्यांच्या पाहण्यात आली. तुमचं जुनं कार्ड दाखवा, १६,००० रुपये भरा, आम्ही चार महिन्यांसाठी आमचं त्याच दर्जाचं कार्ड देतो. त्या चार महिन्यांत आमच्या विमानांतून चार वेळा उडालात तर कार्ड पुढे वर्षभर चालू.

ते लिहितात, "दिवाळीत घरच्या चौघांना दुबईला न्यायचं, तिकिटं १,२४,००० ला पडतात. नंतर मी एकटा मस्कत किंवा दोह्याला एक चक्कर टाकून येतो, ३६,०००. फी धरून १,७६,००० होतात. पीएफ आणि ग्रॅच्युइटीतून ठेवलेली सहा लाखांची एफडी आहे, तिच्यातून काढावेत का? वर्षाला सहा-सात फेऱ्या होतील असा अंदाज आहे. मिसेस म्हणते, कार्डाला काय चाटायचंय का? सर, तुमचं मत कळवा."

मत सांगतो. आत्ता मॅच मागू नका. पुढेही मागायचा की नाही, ते फेब्रुवारीत ठरवा. तेव्हा मागायचं ठरलं तर कसं, तेही खाली लिहितो, कारण योजना मुळात वाईट नाही. वेळ चुकते आहे आणि हिशेबात एक मोठं भोक आहे.

आधी ते भोक. तुम्ही चौघांची तिकिटं 'कार्डासाठी' धरली आहेत. स्टेटसची मोजणी ज्याचं कार्ड त्याच्याच प्रवासाची होते. तुमच्या मिसेस, मुलगी आणि मुलगा यांच्या तीन तिकिटांमुळे तुमच्या खात्यात एकही उड्डाण जमा होणार नाही. काही कंपन्या घरच्यांचे पॉइंट एकत्र करू देतात, पण ते तिकीट घेताना खर्चायचे पॉइंट. कार्डाचा दर्जा ठरवणारे पॉइंट वेगळे, ते ज्याचे त्याचेच. म्हणजे ९३,००० रुपयांची तिकिटं कार्डाच्या कामाची नाहीत. ती सहल आहे. सहलीचा निर्णय सहल म्हणून घ्या, त्यावर शेवटी बोलू.

तुमचं स्वतःचं दुबईचं तिकीट सहलीत धरलं, तर निव्वळ कार्डासाठी होणारा खर्च उरतो फी १६,००० आणि त्या रिकाम्या चकरेचे ३६,०००. बावन्न हजार. ही या कार्डाची खरी किंमत.

आता त्या बदल्यात काय मिळतं? इथं लोक एक गोष्ट करतात ती करू नका. लाउंजच्या, म्हणजे विमानतळावरच्या आरामकक्षाच्या, दारावर लिहिलेला दर धरून 'एवढे वाचले' म्हणू नका. लाउंज नसतं तर तुम्ही विमानतळावर काय खाल्लं असतं, त्याचे पैसे धरा. तुमच्याच पत्रात लिहिलंय की मुंबईला घरून नेलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाता. मग खरं तर शून्य धरायला हवं, पण चहा-कॉफी, बसायला बरी खुर्ची म्हणून एका वेळेचे ८०० धरू. वर्षात नैरोबीच्या दोन फेऱ्या धरल्या तर चार वेळा, ३,२०० रुपये. पसंतीची सीट चार वेळा, दीड हजाराप्रमाणे ६,०००. वाढीव पॉइंटचे ३,०००. सुटे भाग न्यायचे असतील तर जादा सामान, वर्षातून एकदा ८,०००. आखाती कंपन्यांच्या साध्या तिकिटातही बहुतेक वेळा २५-३० किलो मिळतातच, पण तुमच्या बाजूनं मोजतोय म्हणून हेही धरलं. एकूण २०,२००. दोन फेऱ्यांचे एवढे, म्हणजे एका फेरीला साधारण दहा हजार.

बावन्न हजार वसूल व्हायला पाच-सहा फेऱ्या लागतील. तुमचा अंदाज सहा-सातचा आहे, म्हणून तुम्हाला गणित जमतंय असं वाटतं. पण त्या सहा-सात फेऱ्या कंपनीत असतानाच्या आहेत. आत्ता हातात पक्कं काम एकच, नैरोबीचं, आणि दुसऱ्याची बोलणी चालू. शिवाय खरोखर सहा फेऱ्या एकाच कंपनीनं झाल्या, तर मॅच न मागताही त्या दर्जाच्या बरेच जवळ पोहोचाल. आणि फेऱ्या झाल्याच नाहीत तर कार्ड कपाटात.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती बहुतेक नव्या सल्लागारांच्या लक्षात येत नाही. तिकीट कोण काढणार? नोकरीत तुम्ही ट्रॅव्हल डेस्कला सांगायचात, मला याच विमानानं जायचंय. आता नैरोबीचा ग्राहक स्वतः तिकीट काढून पाठवणार असेल, तर तो सगळ्यात स्वस्त विमान बघेल. त्या दिवशी तुमच्या खिशातल्या कार्डाचा आणि तुमच्या सीटचा काही संबंध नसेल. यावर उपाय आहे आणि त्याला १६,००० लागत नाहीत. कोटेशनमध्ये एक ओळ टाका: प्रवासाचं तिकीट सल्लागार काढेल, अमुक रकमेपर्यंत परतावा ग्राहक देईल. कंपनी निवडायचा हक्क तुमच्याकडे राहील, पॉइंटही तुमचे. जीएसटी नोंदणी असेल तर तिकीट काढताना तुमचा नंबर टाकायला विसरू नका, इकॉनॉमीच्या तिकिटावर ५ टक्के असतात.

आता तुमच्या खिशात जे आहे त्याकडे या. तुम्ही ते जवळजवळ विसरलाय. महाराजा क्लबचं गोल्ड म्हणजे स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटाचंही गोल्ड. एअर इंडिया २०१४ मध्ये त्या गटात गेली. त्याच गटात इथिओपियन एअरलाइन्स आहे, आणि ती मुंबईहून अदिस अबाबामार्गे नैरोबीला नेते. म्हणजे मार्चपर्यंत नैरोबीला जायचं असेल तर लाउंज, चेक-इनची वेगळी रांग, आधी चढणं, सामानाची जादा सवलत हे सगळं आजही तुमच्याकडे आहे, फुकट. तिकीट काढताना एअर इंडियाचाच सदस्य क्रमांक टाकायचा, बस. ज्या गोष्टीसाठी एफडी मोडायला निघालात ती मार्चअखेरपर्यंत घरातच आहे. (इथिओपियनकडे किंवा टर्किशकडे मॅच मागायचा विचार आला असेल तर सोडून द्या. एकाच गटातल्या कंपन्या एकमेकींच्या कार्डावर सहसा मॅच देत नाहीत, द्यायचं कारणही नसतं.)

मराठवाड्यातून निघणाऱ्यांचं एक वेगळंच दुखणं आहे, त्याबद्दल थोडं. तुम्ही लिहिलंय, "मुंबईत रात्र काढावी लागते, म्हणून लाउंज हवं." मला हे पटलं होतं, मीही तसाच प्रवास करतो. सकाळची वंदे भारत धरली की दुपारी मुंबई, आणि विमान पहाटे चारचं. मधले बारा तास करायचं काय? पण लाउंज या बारा तासांना उपयोगी पडत नाही. चेक-इनचा काउंटर साधारण तीन-चार तास आधी उघडतो. बॅग टाकायची, इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी, मग लाउंज. बारातले आठ-नऊ तास तुम्ही बॅगा सांभाळत बाहेरच असता. गेल्या वर्षी मी मोठी सुटकेस पायात अडकवून तिथं बसलो होतो. खिशात कार्ड होतं, पण बाथरूमला जायचं तर शेजारच्या काकांना सांगून. त्यानंतर मी अंधेरीत दोन-अडीच हजारांची खोली घेतो, अंघोळ करतो, चार तास झोपतो. तुमची अडचण खोलीची आहे. ती कार्डानं सुटायची नाही.

आणि चिकलठाण्याहून, म्हणजे संभाजीनगरच्या विमानतळावरून, मुंबई-दिल्लीला जाताना तर त्या आखाती कंपनीचा प्रश्नच नाही. आपल्याकडे जी वेळ जमेल ते विमान घ्यावं लागतं. ज्या शहरातून दिवसाला मोजकी उड्डाणं आहेत, तिथल्या माणसानं एका कंपनीशी लग्न लावायचं म्हणजे तिच्या वेळापत्रकाप्रमाणे जेवायचं.

स्टेटस किती टिकाऊ, हेही बघा. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली. तिचा पॉइंटचा कारभार वेगळ्या कंपनीत होता म्हणून पॉइंट वाचले, पण प्लॅटिनम कार्ड दाखवायला काउंटरच उरला नाही. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली, तिच्या सदस्यांना नव्या घराचे नियम शिकावे लागले. वाळूजचा माझा एक अशील मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दिल्लीला जाऊन त्याच संध्याकाळी परत आला होता, नुसतं कार्ड वाचवायला. दिल्लीत विमानतळाबाहेर पाऊलही टाकलं नाही. पुढच्या वर्षी त्याची बदली झाली आणि विमानप्रवासच बंद झाला.

मग मॅच कधी मागायचा? बहुतेक कंपन्या हा एकदाच देतात, नाहीतर पुन्हा द्यायला काही वर्षं लावतात. बंदुकीत गोळी एकच आहे. तुम्ही ती दिवाळीच्या सहलीवर उडवायला निघालात, आणि नैरोबीची कामं आली तर तेव्हा चार महिने कधीच संपलेले असतील. मात्र फार थांबूनही चालत नाही. जुनं कार्ड अर्जाच्या दिवशी चालू लागतं, आणि बऱ्याच कंपन्या गेल्या बारा महिन्यांतल्या प्रवासाचा उतारा मागतात. तुमचे कंपनीतले प्रवास मेमध्ये थांबले. फेब्रुवारीत उतारा काढलात तर आधीच्या फेब्रुवारी ते मेमधल्या फेऱ्या त्यात दिसतील. एप्रिलमध्ये कार्डही नाही आणि उताराही जवळजवळ कोरा. म्हणून फेब्रुवारी म्हणतो.

तोपर्यंत दुसऱ्या कामाची ऑर्डर कागदावर आली, आणि मार्च ते मेमध्ये त्या कंपनीच्या दोन जाऊन-येऊन फेऱ्या खरोखर ठरल्या, तर १६,००० भरा. रिकाम्या चकरेचे ३६,००० तेव्हा लागणारच नाहीत, कारण चार उड्डाणं कामातच होतील. मग कार्ड सोळा हजारांना पडलं आणि दोन फेऱ्यांतच वसूल झालं. ऑर्डर आली नाही तर कार्ड जाऊ द्या. आधी त्या कंपनीला साधा मेल करून बघा, फी कमी करता का म्हणून. कार्डाचा फोटो, उतारा, पुढची काढलेली तिकिटं जोडा आणि चार ओळी लिहा. काढलेलं तिकीट जोडलं की त्यांना कळतं, हा माणूस उडणार आहे. एक बारीक गोष्ट: आपल्याकडे पासपोर्टवर मधे वडिलांचं नाव असतं आणि कार्डावर नसतं. एवढ्यावरून अर्ज परत येतात, आधीच नाव जुळवून घ्या.

एफडीबद्दल मात्र मी ठाम आहे. घरखर्च तुम्ही महिन्याला ६५,००० लिहिलाय. पगार बंद झालेल्या आणि बिलं कधी दोन, कधी तीन महिन्यांनी मिळणाऱ्या माणसाकडे मी वर्षाचा खर्च बाजूला बघतो, म्हणजे ७,८०,०००. तुमच्याकडे सहा लाख आहेत, आधीच एक लाख ऐंशी हजार कमी. त्यातून १,७६,००० काढले की साडेसहा महिने उरतात, शिवाय मुदतीआधी मोडली म्हणून व्याजात कात्री.

आणि पत्रात जे नाही त्याची मला जास्त काळजी वाटली. हातातल्या बॅगेत साखरेच्या गोळ्या असतात, असं तुम्ही सहज लिहून गेलात. कंपनीचा ग्रुप आरोग्य विमा राजीनाम्याबरोबर गेला. स्वतःचा घेतलाय का? नसेल तर या महिन्यात घ्या, अर्जात साखर स्पष्ट लिहून. आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, आणि ती मोजणी पॉलिसी घेतल्या दिवसापासून सुरू होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. ते सोळा हजार इकडे वळवा, वर थोडे घालावे लागतील.

राहिली दुबई. मुलगी बारावीला, लातूरला होस्टेलवर, मे महिन्यात नीट. तिच्या क्लासला दिवाळीची सुट्टी किती दिवस आहे ते विचारलंय का? नसेल तर आधी तिला फोन करा. सहल परीक्षेनंतर ठेवा. उन्हाळ्यात दुबईला फार ऊन असतं म्हणून तिकडं हॉटेलंही स्वस्त मिळतात, आणि जालन्याच्या माणसाला उन्हाची भीती कुणी दाखवायची?