आज किती स्टार मिळणार?

मागच्या अंकात छोट्या मुलांच्या रियाजाबद्दल मी सहज चार ओळी लिहिल्या होत्या, आणि काय सांगू, या महिन्यात आलेल्या पत्रांत आणि मेसेजमध्ये निम्म्याहून जास्त तेच. पोरगं बसत नाही, पोरगी कंटाळते, काहीतरी खेळ सांगा, बक्षीस द्यावं का नको. म्हणून या वेळी दुसरे सगळे प्रश्न बाजूला ठेवलेत, गळ्याच्या खवखवीवाल्यांनी जरा थांबा.

प्रश्न : माझी मुलगी ७ वर्षांची आहे, दीड वर्ष गाणं शिकते. रियाज करावा म्हणून फ्रिजवर तक्ता लावला, १५ मिनिटं बसली की एक स्टार, १० स्टार झाले की आइस्क्रीम. पहिला महिना झकास चाललं. आता पेटी उघडायच्या आधीच विचारते, आज किती स्टार मिळणार? आणि गाताना सारखी घड्याळाकडं बघते. तक्ता काढला तर रियाजच बंद पडतो. काय करू? (राजारामपुरीतून एक आई)

ताई, तुमची मुलगी हुशार आहे, तिनं हिशोब बरोबर ओळखलाय. तुम्ही गाण्याचे पैसे देत नाही, बसण्याचे देताय, मग ती बसते. १५ मिनिटं नुसतं सा लावून पंख्याकडं बघत बसली तरी स्टार पक्का, मग पलटा, म्हणजे सारेगमच्या स्वरांची ठरलेली ओळ, नीट म्हणायचं कारणच काय?

हा घोटाळा मीही केलाय, त्यामुळं तुम्हाला बोलायला मला तोंड नाही. क्लास नवीन होता तेव्हा मी जाहीर केलं की महिन्यात सगळ्यात जास्त रियाज करणाऱ्याला बॅडमिंटनची रॅकेट, वहीत रोजची मिनिटं लिहायची आणि खाली आईची सही आणायची. दुसऱ्या आठवड्यापासून एकेकाच्या वहीत रोज दोन-दोन तास, आणि सगळ्या आयांच्या सह्या एकाच निळ्या जेल पेनानं! रॅकेट ज्याला मिळाली तो पुढच्या महिन्यात क्लास सोडून बॅडमिंटनला गेला, आणि जी मुलगी खरंच रोज २० मिनिटं गायची ती रडत घरी गेली. रॅकेट चांगली होती हो, तेवढंच.

यावर १९७३ सालचा एक अभ्यास प्रसिद्ध आहे, अमेरिकेत स्टॅनफर्डला मार्क लेपर आणि त्यांच्या सोबत्यांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला. ज्यांना चित्रं काढायला मुळातच आवडायचं अशीच मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं की सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल, काहींना तेच सर्टिफिकेट न सांगता अचानक दिलं, काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी बघितलं तर आधी कबूल केलेली मुलं आता चित्रकलेकडं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ वळत होती. अचानक मिळालं होतं त्यांचं काही बिघडलं नव्हतं. म्हणजे बक्षिसात विष नाही, आधी ठरवलेल्या सौद्यात आहे.

आता तुमचं. तक्ता एकदम फाडू नका, पोरगी म्हणेल माझे स्टार बुडवले. आहेत त्या स्टारचं आइस्क्रीम देऊन खातं बंद करा, आणि दुसऱ्या दिवसापासून वेळेच्या जागी काम ठेवा. दोन वाट्या आणि पाच चिंचोके घ्या. एक पलटा नीट म्हटला की एक चिंचोका या वाटीतनं त्या वाटीत, चुकला की एक परत. सगळे परत नाहीत हं! काही जण चुकलं की सगळं पहिल्यापासून करायला लावतात, त्यात चौथ्या चिंचोक्याला पोरगं रडकुंडीला येतं. पाचही पलीकडं गेले की रियाज संपला, मग तो ४ मिनिटांत संपू दे नाहीतर २० मिनिटांत. चार मिनिटांत संपला तर भांडू नका, उद्या जरा अवघड पलटा द्या. आणि चुकला का नाही हे तिलाच ठरवू दे. पहिले दोन दिवस लबाडी करेल, नंतर तुमच्यापेक्षा कडक होईल, हे मी लिहून देते.

आइस्क्रीम मात्र जरूर खा, पण असंच कधीतरी, हिशोब न लावता. आज ते वरच्या सा ला किती छान थांबलीस, चल रंकाळ्यावर, असं.

प्रश्न : मी घरीच लहान मुलांचा क्लास घेते. ६ ते ११ वयाची आठ मुलं एकत्र बसतात. कुणी भूप रागाची बंदिश म्हणतंय तर कुणाचं सारेगम अजून कच्चं. मोठी कंटाळतात, छोटी दंगा करतात. विकतचे खेळ महाग आहेत आणि आपल्या संगीताचे मिळतही नाहीत. घरच्या घरी काय करता येईल? (मंगळवार पेठेतून एक शिक्षिका)

विकतचं काही नको. माझ्या क्लासची सगळी इस्टेट एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात मावते.

आधी ठिकरी. गच्ची असली तर उत्तम, नसली तर हॉलमध्ये खडूनं चार ओळींत चार-चार अशी १६ घरं आखा, झाला १६ मात्रांचा तीनताल. प्रत्येक ओळ एक विभाग, त्यामुळं १, ५, ९, १३ ही घरं आपोआप डाव्या कडेला येतात. १, ५ आणि १३ वर पाय पडला की टाळी, आणि ९ वर टाळी न वाजवता हात बाहेर उघडायचा, यालाच तालात 'खाली' म्हणतात. तोंडानं बोल चालू, धा धिं धिं धा. गेल्या महिन्यातलं सांगते, साडेसहा वर्षांचा एक बारकू, लंगडी घालत घालत तिसऱ्या ओळीच्या तोंडाशी आला, सगळी पोरं वाट बघत होती की हा आता टाळी वाजवतोय आणि बाद होतोय. तो एका पायावर डुलला, टाळीसाठी उचललेले हात हवेतच थांबवले, आणि असा काही झोकात हात उघडला जसा कुणी वाढपी म्हणतो, घ्या की अजून! सगळी ओरडली. त्या पोराची खाली आता जन्मात चुकणार नाही, आणि मी तीन महिने फळ्यावर गोल शून्य काढून तेच शिकवत होते. मोठ्यांना हाच खेळ दुगुणीत द्या, एका उडीत दोन बोल, फेस येतो.

दुसरा खेळ चोर-पोलीस. भूपात म आणि नि वर्ज्य, हे वहीत लिहून लक्षात राहत नाही. मी भूप गुणगुणते आणि मधेच हळूच एक म सोडते, चोर शिरला. ज्याला ऐकू आला त्यानं मांडीवर थाप मारायची. छोट्यांसाठी चोर ढळढळीत, मोठ्यांसाठी तानेत लपलेला. नुसता चोर नाही तर चोराचं नाव पण मोठ्यांनी सांगायचं. हे जमलं की ग काढून म घालते आणि विचारते, आता कुणाच्या घरात आलो? पाचच स्वर, सा रे म प ध, पण घर दुर्गा रागाचं. खरी मजा मात्र उलट्या डावाला, एक मूल चोर सोडतं आणि बाई पोलीस. मी मुद्दाम एखादा सोडून देते. (सगळेच मुद्दाम असतात असं नाही.)

सापशिडी आहेच, जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं स्केचपेननं काढायची. शिडी चढायची तर ठरलेला अलंकार, म्हणजे पलट्यासारखीच स्वरांची ओळ, म्हणायचा. साप चावला तरी लगेच खाली नाही, तोच अलंकार उलटा, अवरोहात म्हटला तर वाचला. ही वाचायची सोय जरूर ठेवा, कारण सापाच्या तोंडी जीव आला की पोरं जेवढं लक्ष देऊन गातात तेवढं परीक्षेतही गात नाहीत.

आणि एका डबीत चिठ्ठ्या. एकच ओळ पाच वेळा म्हण म्हटलं की तोंडं वाकडी होतात, म्हणून प्रत्येक चिठ्ठीत ती ओळ कशी म्हणायची ते. आजोबा झोपलेत असं समजून. भांडण झाल्यासारखं. डोळे मिटून. भिंतीकडं तोंड करून. नुसत्या आ-कारात. पाच चिठ्ठ्या झाल्या म्हणजे पाच वेळा झालं, त्यांना कळतही नाही.

बक्षिसांचं बऱ्याच पत्रांत विचारलंय तर, माझ्याकडं चॉकलेट बंद आहे. त्या दिवशी छान काम केलं त्याला मी पुढच्या क्लासला तंबोरा छेडायला बसवते, किंवा माझ्या जागेवर बसून इतरांना सा द्यायला लावते, किंवा टाळांची जोडी आठवडाभर घरी न्यायला देते. टाळ घरी नेण्यावरून आमच्यात मारामाऱ्या होतात, शेजाऱ्यांचं काय होत असेल ते होवो. फक्त एक सांभाळा, दर वेळी तेच तेच हुशार मूल निवडू नका. कच्च्या सारेगमवाल्याचा आज नि नीट लागला तर टाळ त्याचे.

प्रश्न : हे काय चाललंय? कोल्हापूर म्हणजे अल्लादिया खाँसाहेबांचं गाव. त्यांनी काय खेळ खेळवून आणि खाऊ देऊन शिष्य तयार केले का? हल्लीची पोरं लाडावलीत. (एक निवृत्त वाचक)

काका, राग समजतो. खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते, केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर त्यांच्याच तालमीतल्या, आणि त्यांचे चिरंजीव भुर्जी खाँ यांच्याकडून मल्लिकार्जुन मन्सूर यांनी विद्या घेतली, हे सगळं खरं. पण तेव्हाचा शिष्य गुरूच्या सहवासात राहायचा, शिकवणी नसली तरी कानावर गाणं पडायचं. माझ्याकडं येणारं पोर आठवड्यातनं दोनदा पाऊण तास येतं, आणि बाकी सगळा आठवडा त्याच्या कानावर काय पडतं ते तुम्ही-मी दोघंही जाणतो. माझा चिंचोका त्या न मिळालेल्या तासांची थोडी भरपाई करतो, गुरूची जागा घेत नाही.

आणि बक्षीस हे काय कोल्हापूरला परकं आहे होय? खासबागेत इनामाच्याच कुस्त्या होतात की. पण पैलवान पहाटे उठून जोर मारतो तेव्हा समोर इनाम नसतं, वस्ताद असतो. वस्तादानं पाठीवर मारलेली थाप आणि मैदानात फेटे उडतात ते, हेच त्याचं खरं बक्षीस, माझं म्हणणं तेवढंच आहे. तुमच्या घरी नातवंडं असतील तर एकदा देवल क्लबात मैफलीला घेऊन जा त्यांना. पूर्ण नको, अर्धा तास, कंटाळली की उठा. हे लहान मुलाला देता येण्यासारखं फार मोठं बक्षीस आहे आणि ते देणं तुमच्या हातात आहे.

प्रश्न : नातू ९ वर्षांचा, तबला शिकतो. हात चांगला आहे असं सर म्हणतात पण फुटबॉलचं लई याड. शाहू स्टेडियमवर मॅच असली की क्लासला दांडी. तबला वाजवलास तरच मॅचला सोडीन असा नियम केलाय, तर आता तबल्याकडं बघून तोंड फिरवतोय. (शिवाजी पेठेतून एक आजोबा)

आजोबा, तो नियम आजच मोडा. तुमच्या नियमात मॅच हे बक्षीस आणि तबला हा दंड झाला, मग दंड कुणाला आवडेल? आणि मॅचच्या दिवशी पेठेतल्या पोरानं घरात बसावं ही अपेक्षा तुम्ही तरी त्याच्या वयात पाळली असती का, खरं सांगा. त्या दिवसाचा क्लास सरांना विचारून बदलून घ्या.

त्याला तिहाई, म्हणजे एकच बोल तीन वेळा वाजवून समेवर येणं, फुटबॉलमधनं द्या. वरची १६ घरं कागदावर आखा आणि त्याला सांगा, धा म्हणजे गोल, तीन गोल मारायचेत, तिसरा बरोबर समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या घरात. चाल ही : तिट कत गदि गन धा. एका घरात एक जोडी, पाचव्या घरात धा, आणि मधे न थांबता तीन वेळा. प्रश्न एवढाच की किक कुठल्या घरातनं मारायची? उत्तर सांगू नका! चिंचोके मांडू दे, चुकू दे, पहिल्या घरातनं निघाला तर तिसरा गोल पंधराव्यातच पडेल, दोन घरं अलीकडं, ऑफसाइड. शेवटी त्यालाच सापडेल की तिसऱ्या घरातनं उठायचं, गोल सातव्यात, बाराव्यात आणि मग थेट समेवर. माझ्या ओळखीच्या एका पोरानं हे सापडल्यावर घरभर पळत शर्ट डोक्यावर ओढला होता. मग म्हणा, आता झपतालात काढून दाखव, १० मात्रा आहेत. एक आठवडा तुम्हाला शांतता.

आणि पढंत, म्हणजे हातानं न वाजवता तोंडानं बोल म्हणणं, ते चेंडू भिंतीवर मारत करू दे, चेंडू समेला भिंतीवर लागला पाहिजे. भिंतीचा रंग जाईल, तयारी ठेवा.

प्रश्न : मुलीच्या पेटीच्या पट्ट्यांवर सा रे ग म ची लेबलं चिकटवलीत. सर म्हणतात काढा, मुलगी म्हणते नको. (फुलेवाडीतून)

सर बरोबर आहेत आणि मुलगीही. म्हणून एकदम काढू नका, दर रविवारी एक. कुठलं काढायचं ते तिनं निवडायचं, पण आधी ती पट्टी डोळे मिटून तीनदा सापडली पाहिजे. काढलेलं लेबल तिच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लावा, फ्रिजवर स्टार लावतात तसं. ही अशी एकच जागा आहे जिथं मला स्टार चालतो, कारण तो पेटीवरनं कमी होऊन आलेला असतो. म आणि नि बहुतेक शेवटपर्यंत राहतील, राहू देत. पट्टीला गोंद चिकटून राहिला तर खोबरेल तेलाचं बोट फिरवा आणि सुक्या फडक्यानं पुसा. पाणी लावू नका.