धाकट्या बहिणीसाठी पॅड निवडताना

प्रिय विद्यार्थ्यास,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. आईच्या माघारी अकरा वर्षांच्या बहिणीची जबाबदारी तुझ्यावर आहे आणि तिला पाळी येण्यापूर्वी घरात सगळी तयारी असावी, हा तुझा विचार मला फार आवडला. ‘सगळ्यांत चांगले पॅड कोणते’ या तुझ्या प्रश्नाचे उत्तर मात्र एका नावात देता येणार नाही. बहीण दिवसाचे किती तास घराबाहेर असते, मधल्या सुट्टीत तिला आतून कडी लागणारे, पाणी असलेले स्वच्छतागृह मिळते का, तेथे कचऱ्याची पेटी आहे का आणि आठवड्यातून कोणत्या दिवशी तिचा खेळाचा तास असतो, हे आधी तिच्याकडून समजून घे. पॅड तिच्या वेळापत्रकाला साजेसे हवे. दुकानदाराच्या शिफारशीला त्यानंतरचे स्थान.

लहान मुलींना, आणि त्यांच्यासाठी खरेदी करणाऱ्या मोठ्यांनाही, आता खूप रक्त जाणार अशी धास्ती असते आणि त्या धास्तीपोटी घरात सगळ्यांत जाड, सगळ्यांत लांब पॅड येते. प्रत्यक्षात एका पाळीत साधारण 30 ते 40 मिलिलिटर रक्त जाते, म्हणजे मोठे दोन-तीन चमचे, आणि तेही काही दिवसांत विभागून; गर्भाशयाचे अस्तर आणि इतर स्राव त्यात मिसळलेले असल्यामुळे ते दिसते मात्र अधिक. मुलींच्या कपड्यांना डाग पडतात ते बहुतेक वेळा पॅड अपुरे असते म्हणून नव्हे, तर ते जागचे सरकते म्हणून. सैल निकरवर कितीही महागडे पॅड लावले तरी ते सरकणारच. म्हणून पॅड आणण्यापूर्वी तिच्या अंगाला नीट बसणाऱ्या चार-पाच सुती निकर आण. ही सूचना तुला किरकोळ वाटेल, पण माझ्या लेखी या पत्रातली सर्वांत उपयोगी सूचना हीच आहे.

सुरुवात चिकटपट्टीच्या पॅडने करावी असे माझे मत आहे, कारण ते पहिल्या दिवशीच कोणाच्या मदतीशिवाय लावता येते. दिवसासाठी मध्यम लांबीचे, पातळ आणि दोन्ही बाजूंना पंख, म्हणजे निकरच्या कडेखाली दुमडून चिकटवायच्या पट्ट्या, असलेले पॅड घे, रात्रीसाठी थोडे लांब. सुगंधी पॅड टाळ. त्या वासाचा उपयोग काहीच नसतो आणि कोवळ्या त्वचेला त्याने खाज सुटू शकते. जाळीदार प्लॅस्टिकच्या पृष्ठभागाने मांड्यांना पुरळ आले तर सुती पृष्ठभागाचे पॅड वापरून पाहावे. पातळ पॅडमध्ये ओल धरून तिचा गोळा करणारे बारीक कण असतात, त्यामुळे ते बराच वेळ कोरडे भासते आणि मुली बदलण्याचा कंटाळा करतात. म्हणून कोरडे वाटो वा न वाटो, दिवसा चार ते सहा तासांनी ते बदलायचे, कागदात गुंडाळून पेटीत टाकायचे आणि शौचकूपात कधीही टाकायचे नाही, हे तिला आधीच सांग. मोठा गठ्ठा आणू नकोस. दोन-तीन प्रकारांची लहान पाकिटे पुरेत.

कापडी पॅड आणि पाळीसाठीच्या खास निकर काटकसरीच्या आणि त्वचेला मऊ असतात, पण त्या गार पाण्यात आधी भिजवून, साबणाने धुऊन, उघड्यावर पूर्ण वाळवाव्या लागतात. लाजेने दुसऱ्या कपड्याखाली दडवून अर्धवट वाळवलेले कापड वापरण्यापेक्षा ते न वापरलेले बरे. तुझ्या घरात तिला ते दोरीवर मोकळेपणाने घालता येणार असेल, तरच हा पर्याय तिच्यापुढे ठेव.

टॅम्पॉन (रक्त शोषणारी कापसाची छोटी सुरळी) आणि मेन्स्ट्रुअल कप (रक्त साठवणारी मऊ, लवचिक वाटी) लहान मुलींनी वापरूच नयेत, अशी समजूत आहे. ती खरी नाही, आणि त्यांच्या वापराचा कौमार्याशीही संबंध नाही. मात्र ते योनीत बसवावे लागतात, त्यासाठी स्वतःच्या शरीराची ओळख आणि थोडी सवय हवी. टॅम्पॉन आठ तासांपेक्षा अधिक काळ आत राहता कामा नये. 1980 च्या सुमारास अमेरिकेत अतिशोषक टॅम्पॉन वापरणाऱ्या अनेक स्त्रियांना टॉक्सिक शॉक सिंड्रोम हा जिवावर बेतणारा आजार झाला होता. आता तो क्वचितच आढळतो, तरी कमीत कमी शोषकतेचे टॅम्पॉन घ्यावे हा नियम तेव्हापासूनचा आहे. कप बारा तासांपर्यंत चालतो आणि दोन पाळ्यांच्या मध्ये उकळून ठेवावा लागतो. ती पोहायला जात असेल तर हे पर्याय आहेत एवढे तिला माहीत असू दे. ते कसे बसवायचे हे मात्र तिच्या विश्वासातल्या एखाद्या स्त्रीने किंवा डॉक्टरांनी सांगावे. तेथे तू बाजूला हो.

आणलेली पाकिटे थेट तिच्या कपाटात ठेवून मोकळा होऊ नकोस. दोघे बसून एक पॅड उघडा, तिला ते निकरवर स्वतः लावू दे आणि त्यावर चमच्याने पाणी ओतून पाहा. पाणी रक्तापेक्षा पटकन शोषले जाते, हेही सांग. अंगावरून पांढरे जाऊ लागले की बहुधा काही महिन्यांत पाळी सुरू होते. तेव्हापासून दप्तरात दोन पॅड, एक निकर आणि थोडा कागद असलेला बटवा असावा.

एक माझी चूक सांगते. मी वर्गातल्या कपाटात मुलींसाठी पॅड ठेवत असे आणि ती कोणी उगाच नेऊ नयेत म्हणून कपाटाला कुलूप लावत असे. वर्षअखेरीस पाकीट जवळजवळ भरलेलेच होते आणि मी ते मुलींच्या शिस्तीचे लक्षण समजले. पुढे एका मुलीने सांगितले की, किल्ली मागायला सगळ्या वर्गासमोरून माझ्या टेबलापर्यंत यावे लागे, म्हणून त्या वहीचे कागद वापरत. तुमच्या घरात पॅड अशा जागी ठेव की तिला ती न विचारता घेता येतील, आणि किती उरली हे मोजल्याचे तिला जाणवू न देता भरत जा.

पहिली दोन वर्षे तारखा मागेपुढे होतात. दोन पाळ्यांत 21 ते 45 दिवसांचे अंतर या वयात चालते. पण दर तास-दोन तासांनी पॅड पूर्ण भिजत असेल, रक्त सात दिवसांहून अधिक जात असेल, चक्कर येत असेल किंवा दुखण्यामुळे शाळा बुडत असेल, तर पॅड बदलून पाहण्यात वेळ घालवू नकोस, डॉक्टरांकडे ने.

तुझ्या,
बाई

ता. क. तीन-चार पाळ्यांनंतर ती बहुधा तू निवडलेले पॅड नको म्हणेल. कारण विचारू नकोस. ती सांगेल ते आण.