आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला नर्व्ह ब्लॉक घ्यावा का? पाय कायमचा बधिर तर होणार नाही ना?

फोंड्यात आईचा गुडघा बदलायचाय आणि मणक्यातल्या इंजेक्शनबरोबरच मांडीत वेगळा ब्लॉक (नर्व्ह म्हणजे नस, तिच्याभोवती औषध सोडून दुखणं थांबवणं) देणार म्हणतात, तो खरंच लागतो का, असं तुम्ही विचारलंय. मी भूलतज्ज्ञ आहे, गोव्यातच काम करते. ब्लॉक जरूर घ्या. फक्त तो उतरेल त्या रात्रीची तयारी आधीच करून ठेवा.

मणक्यातल्या इंजेक्शनवर ऑपरेशन पार पडतं, पण त्याचा असर साधारण 2 ते 4 तासांत ओसरतो. खरं दुखणं त्यानंतरचं. ब्लॉक देताना सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई बघत बघत नर्व्हच्या भोवती बुपिवाकेन किंवा रोपिवाकेन हे बधिर करणारं औषध सोडतात. पूर्वी जांघेत, फेमोरल नर्व्हला द्यायचे. दुखणं थांबायचं, पण मांडीची ताकदही जायची आणि माणूस उभं राहताना कोसळायचा. आता बहुतेक जण मांडीच्या मध्यावर, ॲडक्टर कॅनालमध्ये देतात. त्यात ताकद बरीचशी टिकते, वॉकर धरून लवकर चालवता येतं. गुडघ्याच्या मागची बाजू मात्र त्यात नीटशी झाकली जात नाही, तिथे थोडं दुखलं तर ब्लॉक फसला असं समजू नका.

कायमच्या बधिरपणाची भीती मला रोज विचारली जाते. तसं होणं फारच दुर्मीळ. काही जणांना थोडे दिवस किंवा आठवडे मुंग्या येतात, त्या बहुधा आपोआप जातात. औषध चुकून रक्तात गेलं तर ओठ बधिर होतात, कानात आवाज येतो, कधी आकडीही येते, म्हणून ब्लॉक मॉनिटर लावूनच देतात. आईंना असलं काही जाणवलं तर लगेच बोलायला सांगा.

आता त्या रात्रीबद्दल. एकाच इंजेक्शनचा ब्लॉक साधारण 12 ते 18 तास चालतो. सकाळी 10 ला दिला तर रात्री 10 पासून पहाटे 4 पर्यंत कधीतरी उतरणार, म्हणजे वॉर्डात सगळे झोपलेले असताना. संध्याकाळी आपल्याकडची म्हातारी माणसं हमखास म्हणतात, ‘दुखना मगे, गुळी कित्याक?’ (दुखत नाही ना, मग गोळी कशाला?) आणि गोळी परत पाठवतात. मग पहाटे कळ एकदम उसळते आणि गोळीचा असर व्हायला वेळ लागतो. मला याचा फार त्रास होतो, कारण हे टाळता येतं. लिहून दिलेल्या गोळ्या दुखत नसलं तरी ठरल्या वेळी द्यायच्या. रात्री सोबत राहणाऱ्याला हे समजावून सांगा, आणि जादा दुखलं तर काय द्यायचं ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. काही ठिकाणी बारीक नळी ठेवून 2-3 दिवस औषध चालू ठेवतात, ती सोय आहे का विचारा.

‘सोसतील त्या’ असं घरचे म्हणाले तर ऐकू नका. दुखणाऱ्या गुडघ्याचा माणूस हलत नाही, आणि न हलणाऱ्या पायात रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो.

ब्लॉक असेपर्यंत आईंनी एकटीने संडासला उठायचं नाही, आणि त्या पायाला गरम पाण्याची पिशवी लावायची नाही, भाजलेलं कळत नाही. रक्त पातळ करायची गोळी, मधुमेहाने पायांना येणारा बधिरपणा, किडनीचा त्रास, यातलं काहीही असेल तर ऑपरेशनच्या तपासणीलाच भूलतज्ज्ञांना सांगा. पातळ करायची गोळी मनाने बंद मात्र करू नका, कधी थांबवायची ते तेच ठरवतील.