बंद दगडखाणीतली पिंपं: मुरूम टाकायच्या आधी

प्रश्न असा आहे: मिरज तालुक्यात गायरानातल्या बंद खडीच्या खाणीत कुणीतरी रातोरात पिंपं टाकलीत, काही फुटलीत, तळाचं पाणी पिवळं झालंय. ग्रामपंचायत जेसीबी लावून मुरमानं खाण बुजवायला निघाली आहे. चालेल का?

नाही. आपला काळा पाषाण अखंड दिसतो, पण पाणी त्याच्या भेगांतून चालतं. बुजवलेल्या खाणीत पाऊस मुरत राहणार आणि पिंपांतला माल शेजारच्या विहिरींकडे सरकणार. शिवाय पुरावाही पुरला जातो.

पाण्यात चुना टाकायचा सल्लाही कुणीतरी देईलच. पिवळं पाणी म्हणजे हेक्साव्हॅलंट क्रोमियमची, म्हणजे क्रोमियमच्या पाण्यात विरघळणाऱ्या विषारी रूपाची, शंका धरायची. चुन्यानं जस्त, निकेल खाली बसतं, हे क्रोमियम बसत नाही. ते आधी आम्लात, पीएच २-३ ला, मेटाबायसल्फाइट या रसायनानं ट्रायव्हॅलंट (कमी विषारी, खाली बसणारं रूप) करावं लागतं आणि मग चुना. ते काम प्रक्रिया केंद्राचं, खाणीत करायचं नाही. पाणी उपसून ओढ्यात सोडलंत तर जल कायदा १९७४ चं कलम २४ तुमच्यावरच लागेल.

आता कायदा कुठला? २४ जुलै २०२५ चे दूषित स्थळांचे नियम खाणकामानं झालेल्या प्रदूषणाला लागत नाहीत, आणि ‘खाण आहे ना, मग खनिकर्म विभागाकडे जा’ अशी टोलवाटोलवी इथूनच सुरू होते. तुमच्याकडचा माल बाहेरून आलेला आहे, खाणकामाचा नाही. अर्जात हे पहिल्याच ओळीत लिहा. संशयित स्थळ कळवण्याची जबाबदारी स्थानिक संस्था आणि जिल्हा प्रशासनावर आहे. कळवल्यावर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला प्राथमिक तपासणीसाठी ९० दिवस आणि पुढच्या सविस्तर तपासणीसाठी आणखी ९० दिवस आहेत. अर्ज मंडळाच्या सांगली उपप्रादेशिक कार्यालयाला, प्रत तहसीलदारांना. सोबत सातबारा, गट नंबर आणि पंचनामा. पिंपांवरची लेबलं, बॅच नंबर जवळून फोटोत घ्या; टाकणारा सापडला तर त्यावरूनच सापडेल.

नमुने स्वतः घेतलेत तर माहितीपुरते. कोर्टात टिकायला मंडळाच्या अधिकाऱ्यानं नोटीस देऊन, सील करून घेतलेले लागतात. तरी विहिरीचं पाणी आजच तपासा. धातूंसाठी प्लास्टिकची बाटली आणि नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली. हेक्साव्हॅलंटची बाटली मात्र वेगळी, आम्ल न घालता, बर्फात, त्याच दिवशी प्रयोगशाळेत. आम्ल पडलं की ते ट्रायव्हॅलंट होऊ शकतं आणि अहवाल खोटाच ‘निरंक’ येतो.

तोवर तारेचं कुंपण, पावसाचं पाणी वळवायला वरच्या अंगाला चर, पिंपांवर ताडपत्री. खड्ड्यात कुणी उतरू नये, तळाला जड वायू साचतो.

माल उचलताना गाडी मंडळाच्या परवान्याची आणि जाणार पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावसारख्या सामायिक घातक कचरा केंद्रात. फॉर्म १० ची सात प्रतींची चलनं (घातक कचऱ्याच्या वाहतुकीची नोंदपत्रं) लागतात: पांढरी मंडळाला, पिवळी पाठवणाऱ्याकडे, निळी केंद्राकडून पाठवणाऱ्याकडे परत. निळी आली नाही तर माल पोचल्याचा पुरावा नाही. मालाचा धनी सापडला नसेल तर ‘पाठवणारा’ म्हणून सही कुणी करायची हे मंडळाकडून लेखी घ्या. सरपंचानं घाईत सही केली की ग्रामपंचायतच कचऱ्याची धनी.

आणि तळ स्वच्छ असल्याचा अहवाल हातात आल्यावर भराव घालायचा, तेव्हा मुरमाचा वाहतूक परवाना आणि रॉयल्टीची पावती आधी घ्या. नाहीतर दंडाची नोटीस ग्रामपंचायतीच्याच नावानं निघते.