व्हीलचेअरवर हवेची रिंग की कापसाची उशी?

भाऊ आंब्याच्या झाडावरून पडला, कमरेखालचं त्याला काही कळत नाही, आता घरी व्हीलचेअरवर बसवायला हवेची रिंग घेऊ की कापसाची उशी, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही नको. रिंग तर फुकट मिळाली तरी नको.

ह्या रिंगवरून आमच्या मामांशी माझं नेहमीच वाजतं. त्यांचं म्हणणं, मूळव्याधीवाल्याला चालते, मग ह्याला काहून चालत नाही? अहो, मूळव्याधीवाल्याला दुखलं की तो आपसूक सरकतो. ह्याला दुखणारच नाही, म्हणून तो सरकणार नाही आणि दाबानं जखम होईल. रिंगची कड चहूबाजूंनी दाबते, मधल्या कातडीला रक्त कमी मिळतं, सूज धरते. मेडिकलवाला रिंग देतो कारण त्याच्या फळीवर तीच असते. कापूस तर दबून गोळे होतो आणि आपल्याकडच्या घामात ओलाच राहतो.

घ्यायचा तो तीन-चार इंचाचा घट्ट फोम. भाऊ बसला की उशीखाली उताणा हात घालून बुडाचं हाड चाचपा. हाड हाताला स्पष्ट लागलं तर फोम बसला, बदला. फोल्डिंग खुर्चीचं रेक्झिन झोळीसारखं लोंबतं, म्हणून उशीखाली 12 मिमी प्लायवूडची फळी टाका, कडा घासून. फूटरेस्ट फार वर असेल तर गुडघे उचलले जातात आणि सगळा भार बुडाच्या दोन हाडांवर येतो. मांडी पूर्ण टेकली पाहिजे.

उशी कितीही भारी घ्या, दर 15 ते 30 मिनिटांनी पुढे वाकून भार काढावाच लागतो, आणि तसंच दोन मिनिटं थांबावं लागतं. हातांवर जोर देऊन क्षणभर बूड उचलल्यानं काही होत नाही, खांदे मात्र जातात. तोल जात असेल तर समोर कोणीतरी उभं पाहिजे.

रात्री माकडहाड, बूड, टाचा, घोटे पाहा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. आजूबाजूपेक्षा काळपट, गरम किंवा कडक लागतं का ते उलट्या हातानं पाहायचं. लागलं तर तो भाग पूर्ण विरेपर्यंत त्यावर बसणं-झोपणं बंद, आणि तिथं मालिश अजिबात नाही. झोपायला बाजही नको, मधल्या खळग्यात कूस बदलणं होत नाही.

हो, पाठीचं ऑपरेशन नवं असेल तर वाकवण्याआधी सर्जनला विचारा. दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याजवळ किंवा त्याच्या वर असेल तर खालच्या अंगाला घाम येत नाही, म्हणून मे महिन्यात त्याला कूलरसमोरच ठेवा. अशा माणसाचं डोकं एकदम ठणकायला लागलं, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर आडवं करू नका. बसवा, कपडे सैल करा, लघवीची नळी वाकली किंवा तुंबली का पाहा. लगेच उतरलं नाही तर गाडी काढा आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात न्या.